पाचशे रुपयांची नोंद आणि एक सही

प्रश्न एका लेखिकेचा आहे, थोडक्यात असा: पहिली कादंबरी लिहून झाली आहे. एका प्रकाशकाला दाखवायची आहे. शिवाय ओळखीतले एक निर्माते वेबमालिकेसाठी कथा मागताहेत. ‘कॉपीराइट काढल्याशिवाय हस्तलिखित कुणाच्या हाती देऊ नकोस,’ असं मैत्रिणीने बजावलंय आणि एका एजंटाने त्या कामाचे पंधरा हजार सांगितले आहेत. एवढा खर्च करावा का, किती दिवस लागतील, आणि हा कॉपीराइट परदेशात चालेल का?

ताई, आधी पैशांचं बोलू. साहित्यकृतीच्या नोंदणीची सरकारी फी ५०० रुपये आहे. नाटक, संगीतरचना, चित्र यांनाही तेवढीच. ध्वनिमुद्रणाला २,००० आणि चित्रपटाला ५,०००. मग एजंटचे उरलेले साडेचौदा हजार कशाचे? फॉर्म भरण्याचे. एकाच पुस्तकाचे चार लेखक, जुन्या करारांची भानगड, भागीदारीतून फुटलेल्या कंपनीचं सॉफ्टवेअर, असं काही असेल तर वकिलाने फी घेणं रास्त आहे, मीही घेतो. पण एकटीने लिहिलेल्या, अजून न छापलेल्या कादंबरीचा अर्ज तुमचा तुम्हाला भरता येईल. बँकेचं काम मोबाइलवर करता येत असेल तर हेही जमेल.

आता मैत्रिणीच्या सल्ल्याकडे. मराठीत आपण ‘कॉपीराइट काढला’ म्हणतो, जसं लायसन्स काढतो किंवा रेशनकार्ड काढतो. या ‘काढण्या’ने फार घोटाळा करून ठेवलाय. लायसन्स काढल्याशिवाय गाडी चालवायचा हक्क मिळत नाही. कॉपीराइट मात्र १९५७ च्या कायद्याप्रमाणे कृती तयार झाली त्याच क्षणी तुमचा झालेला असतो. वहीत उतरवली असेल, लॅपटॉपवर टाइप केली असेल, तरी झाला. नोंदणी ऐच्छिक आहे. कलम ४५ मध्ये लेखक अर्ज ‘करू शकतो’ असंच म्हटलंय.

यावर आमच्या मुंबई उच्च न्यायालयातच काही वर्षं गोंधळ होता. २०१२ च्या एका निकालाने नोंदणी नसेल तर दावाच करता येणार नाही अशी भूमिका घेतली होती आणि तो निकाल दाखवून समोरचे वकील लेखकांना बाहेरचा रस्ता दाखवू पाहत. ९ मार्च २०२१ रोजी संजय सोया खटल्यात न्या. गौतम पटेल यांनी तो निकाल आधीचे बंधनकारक निवाडे विचारात न घेता दिला गेल्याचं सांगितलं आणि नोंदणी सक्तीची नाही हे स्पष्ट केलं. तेव्हा नोंदणीवाचून तुमची कादंबरी अनाथ आहे असं कुणी सांगितलं तर ते मनावर घेऊ नका.

मग पाचशे रुपये तरी का घालायचे? पुराव्यासाठी. कलम ४८ म्हणतं की नोंदवहीतल्या तपशिलांना प्रथमदर्शनी पुराव्याचं मोल आहे. म्हणजे लेखक म्हणून तुमचं नाव तिथे असेल तर ते खोटं ठरवायचं ओझं समोरच्यावर पडतं. नोंद नसेल तर कच्चे खर्डे, ईमेल, फाइलच्या तारखा, वाचून अभिप्राय देणाऱ्या मित्रांच्या साक्षी, सगळं तुम्हालाच उभं करावं लागतं. इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्रही जोडावं लागतं. हे अशक्य नाही, पण दमवणारं आहे. शिवाय पोलीस ठाण्यात सरकारी शिक्क्याचा कागद पुढे ठेवला की बोलण्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे. ठाणे अंमलदाराला तुमचे खर्डे वाचायला वेळ नसतो.

पण त्या कागदाची मर्यादाही ओळखून असा. नोंदणी करणारा अधिकारी तुमची कादंबरी जगातल्या सगळ्या कादंबऱ्यांशी ताडून बघत नाही. तो अर्ज तपासतो, विसंगती शोधतो, कुणाची हरकत आली का ते बघतो. त्यामुळे चोरलेल्या मजकुराचीही नोंद होऊ शकते, आणि झालेली मी पाहिली आहे. खऱ्या लेखकाने खर्डे दाखवल्यावर ती न्यायालयात टिकली नाही, हा पुढचा भाग.

आणखी एक गैरसमज इथेच निकालात काढतो, कारण दर महिन्याला कुणी ना कुणी तो घेऊन येतंच: ‘माझ्या पुस्तकाला आयएसबीएन आहे, म्हणजे कॉपीराइट झाला ना?’ नाही. आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक आहे, पुस्तक विकणाऱ्यांच्या आणि ग्रंथालयांच्या सोयीचा. आपल्याकडे राजा राममोहन रॉय संस्थेमार्फत तो फुकट मिळतो. त्याने मालकी ठरत नाही. स्वतःच्याच पत्त्यावर पाकीट पाठवून ते न फोडता कपाटात ठेवायचं, या जुन्या उपायालाही कायद्यात खास स्थान नाही. पाकीट नंतर फोडून चिकटवलं नाही कशावरून, हा समोरच्याचा पहिला प्रश्न असतो.

अर्ज कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर होतो. कार्यालय दिल्लीत द्वारकेला आहे. तिथे जायची गरज पडत नाही. फॉर्म १४ भरायचा, त्याला तपशिलांची दोन परिशिष्टं असतात. फी भरली की डायरी क्रमांक मिळतो. तो जपून ठेवा, पुढची सगळी चौकशी त्यावरच होते. त्यानंतर सक्तीचे ३० दिवस थांबायचं, कुणाला हरकत घ्यायची असेल तर घ्यावी म्हणून. हरकत आली नाही तर अर्ज तपासणीला जातो, त्रुटी निघाली तर पत्र येतं, तिला मुदतीत उत्तर द्यायचं. ईमेल बघत राहा. त्रुटीचं पत्र स्पॅममध्ये पडून अर्ज बारगळलेले बरेच आहेत. सगळं सुरळीत झालं तर काही महिन्यांत नोंदीचा उतारा येतो. साहित्यकृतीच्या क्रमांकाआधी ‘एल’ अक्षर असतं, चित्राला ‘ए’.

त्रुटी निघतात त्या बहुतेक नावांच्या. आपल्याकडे बायकांच्या बाबतीत हे हमखास घडतं. हस्तलिखितावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, फॉर्ममध्ये तिसरंच. तिन्हींत मेळ ठेवा. टोपणनावाने लिहीत असाल तर टोपणनावासोबत खरं नावही नोंदवा. त्यामागे आणखी एक कारण आहे. लेखकाची ओळख उघड असेल तर हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. निनावी किंवा टोपणनावाच्या कृतीचा, लेखक कोण हे उघड झालं नाही तर, प्रकाशनापासून ६० वर्षांतच संपतो. तिशीत पुस्तक छापणाऱ्या लेखिकेच्या बाबतीत हा फरक नातवंडांना जाणवण्याएवढा मोठा होऊ शकतो.

दुसरा रकाना नीट भरा: प्रकाशित की अप्रकाशित. तुमची कादंबरी अप्रकाशित आहे, तसंच लिहा. पुढे पुस्तक आलं की नोंदीत बदल करण्यासाठी वेगळा अर्ज असतो. तिसरा रकाना मूळ कृती, भाषांतर की रूपांतर याचा. इथे कुणी उगाच ‘मूळ’ ठोकून देतं आणि पुढे अडकतं. दुसऱ्याच्या कथेवरून नाटक केलं असेल तर त्या लेखकाची परवानगी हवी. ती असेल तर तुमच्या नाट्यरूपाचा हक्क तुमचा.

आणि ना-हरकत पत्रं. अर्जदार आणि लेखक वेगळे असतील तर लेखकाचं पत्र लागतं, कृती प्रकाशित असेल आणि प्रकाशक दुसरा असेल तर त्याचं. तुमच्या अर्जात दोन्ही लागणार नाहीत, म्हणून तर म्हणतो आत्ताच अर्ज करा. पुस्तक आल्यावर, प्रकाशकाशी बिनसल्यावर ते पत्र मागायला जाणं म्हणजे घर सोडून गेलेल्या भाडेकरूकडे किल्ल्या मागण्यासारखं असतं.

गाण्यांत हे प्रकरण सगळ्यात किचकट. माझ्याकडे एक गीतकार आले होते, गणपतीच्या दिवसांत त्यांचं एक गाणं तालुकाभर वाजत होतं. ‘गाण्याचा कॉपीराइट काढायचाय,’ म्हणाले. मी विचारलं, कोणत्या गाण्याचा? शब्द ही साहित्यकृती, ती तुमची. चाल ही संगीतकृती, ती संगीतकाराची. आणि रेकॉर्डिंगचा हक्क ज्याने पैसे घालून ते करवलं त्याचा. एकाच साडेतीन मिनिटांत तीन मालक बसलेले असतात. त्यांनी शब्दांची नोंद केली, ती झाली. पण चालीसकट गाणं आपलंच म्हणून ते जे भांडत होते त्यातलं निम्मं भांडण तिथेच संपलं. गाणाऱ्या मुलीलाही कलाकार म्हणून तिचा वेगळा हक्क आहे, हे सांगितल्यावर तर ते जरा नाराजच झाले.

चित्रकारांसाठी जाता जाता एक सूचना. मालाच्या वेष्टनावर येऊ शकेल असं चित्र किंवा लोगो असेल तर फी २,००० होते आणि ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं प्रमाणपत्रही जोडावं लागतं. सॉफ्टवेअर साहित्यकृतीतच मोडतं. सोर्स कोडची पहिली १० आणि शेवटची १० पानं द्यावी लागतात, काहीही न झाकता.

आता जिथे लेखक खरोखर नागवले जातात त्या जागेकडे वळतो. गेल्या इतक्या वर्षांत माझ्याकडे आलेल्या साहित्यिकांपैकी हस्तलिखित चोरीला गेलेले थोडे. बहुतेकांनी हक्क स्वतःच्या सहीने देऊन टाकले होते, तेही न वाचता. कधी पुस्तक येतंय या आनंदात, तर कधी ‘एवढ्या मोठ्या माणसाला कलमं काय विचारायची’ या भिडेपोटी. त्यांच्यापैकी काहींकडे नोंदणीचा कागद होता. त्याचा उपयोग झाला नाही, कारण मालक तेच होते याबद्दल वाद नव्हताच. आपण काय विकलं हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

म्हणून प्रकाशकाचा करार आला की त्यात एक शब्द शोधा: हस्तांतरण आहे की परवाना? हस्तांतरणात घर विकलं जातं, परवान्यात भाड्याने दिलं जातं. ‘सर्व भाषांतील, सर्व माध्यमांतील, जगभरचे, कायमस्वरूपी हक्क’ असं वाक्य दिसलं तर पेन खाली ठेवा. छापील मराठी पुस्तक काढणाऱ्याला छापील मराठी पुस्तकाचे हक्क पुरतात, फार तर ईपुस्तकाचे. भाषांतर, नाट्यरूप, चित्रपट आणि मालिका, श्राव्यपुस्तक, हे प्रत्येक वेगळं विकता येतं आणि वेगळंच विकावं. तुमच्या बाबतीत तर वेबमालिकेचं बोलणं आधीच चालू आहे. प्रकाशकाच्या करारात चित्रीकरणाचे हक्क गेले तर निर्मात्यांना द्यायला तुमच्याकडे काही उरणारच नाही, आणि हे तुम्हाला त्यांच्या वकिलाकडून कळेल.

कायदा लेखकाच्या बाजूने बराच झुकलेला आहे, हे लेखकांना माहीत नसतं. हस्तांतरण लेखी आणि सही केलेलं नसेल तर ते वैधच नाही. तोंडी ‘हक्क दिले’ला अर्थ नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तेव्हा, तो सुटतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर असंही आहे की करार झाला तेव्हा अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाचे हक्क त्या करारातून जात नाहीत, त्या माध्यमाचा नाव घेऊन उल्लेख नसेल तर. मात्र ‘वेगळं ठरलेलं नसेल तर’ या चार शब्दांत सगळी मेख आहे. छापील नमुन्यातला करार नेमकं ते वेगळंच ठरवून ठेवतो. ‘अहो, आमचा सगळ्यांशी हाच करार असतो,’ असं म्हणाले तर हसून म्हणा, मग माझ्यापासून बदला. निम्म्या वेळा बदलतात. त्यांनाही तो नमुना कुणी, कधी, कुठून आणला हे आठवत नसतं.

एक गोष्ट मात्र सही करूनही पूर्णपणे जात नाही. कृतीवर आपलं नाव असण्याचा आणि तिची बदनामीकारक मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा हक्क कलम ५७ प्रमाणे लेखकाकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनातून उखडून गोदामात टाकलं होतं. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं. तरी २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले अवशेष सेहगलांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावलं. वेबमालिकेत तुमच्या नायिकेचं काय करतील याची धास्ती असेल तर हे लक्षात असू द्या, पण त्यावर विसंबून राहू नका; तो खटला चालला किती वर्षं हेही बघा. बदलाआधी संमती घेण्याचं कलम करारातच घाला.

निर्मात्यांना काय दाखवायचं, हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात नाजूक भाग. कल्पनेला कॉपीराइट नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे इतकं स्पष्ट केलंय की आजही प्रत्येक दाव्यात तोच निकाल पहिल्यांदा वाचला जातो. आनंद यांचं म्हणणं होतं की त्यांच्या नाटकावरून चित्रपट काढला. दोन्हींत प्रांतवादाचा विषय होता, तरी मांडणी आणि प्रसंग वेगळे असल्याने ते हरले. म्हणून ‘धरणात बुडालेल्या गावातली पोस्टमास्तरीण’ एवढं चहाच्या टेबलावर सांगून आलात तर ती पोस्टमास्तरीण सगळ्यांची. तिची तीनशे पानं तुमची. नुसत्या नावालाही संरक्षण नाही; २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटाच्या शीर्षकावर कॉपीराइट मागणाऱ्याला नकारच दिला.

त्यामुळे तोंडी गोष्ट सांगू नका, लिहिलेलं द्या. आठ-दहा पानांचा सविस्तर सारांश करा, पात्रं आणि महत्त्वाचे प्रसंग त्यात येऊ द्या, आणि तो स्वतःच्या ईमेलवरून निर्मात्यांच्या ईमेलवर पाठवा. सोबत दोन ओळी: ‘आपण मागितल्यानुसार माझ्या अप्रकाशित कादंबरीचा सारांश फक्त वाचनासाठी पाठवत आहे. याचे सर्व हक्क माझ्याकडे आहेत.’ भेट झाली तर संध्याकाळी त्याच ईमेलखाली काय बोलणं झालं ते लिहून पाठवा. व्हॉट्सअॅपवर ‘छान आहे, बघतो’ आलं तर ते पुसू नका. गुप्ततेचा करार मागायला हरकत नाही, पण मोठे निर्माते वाचण्याआधी तो सहसा करत नाहीत आणि त्यात काही काळंबेरं असतंच असं नाही. पुढे पटकथा तुम्हीच लिहिणार असाल तर मुंबईतल्या पटकथाकारांच्या संघटनेचं सभासदत्व घ्या. तिथे सभासदांना संहिता नोंदवता येते. ही सरकारी नोंदणी नव्हे, पण तारखेचा पुरावा म्हणून या व्यवसायात तिला मान आहे आणि ती झटपट होते.

तुम्हाला मार्गदर्शन करणाऱ्या सरांनी हस्तलिखितावर हात फिरवलाय, असंही तुम्ही लिहिलंय. संपादन सुचवणारा सहलेखक होत नाही. पण त्यांनी दोन प्रकरणं नव्याने लिहून दिली असतील तर आत्ताच, संबंध गोड असताना, त्यांच्याकडून दोन ओळींचं पत्र घ्या. हक्क सांगू शकेल अशा प्रत्येकाला अर्जाची सूचना द्यायची जबाबदारी नियमांप्रमाणे अर्जदाराचीच आहे. एका नाटकाच्या अर्जावर मी अशी हरकत आलेली पाहिली: ३० दिवसांतल्या शेवटच्या आठवड्यात, वीस वर्षांच्या मित्राकडून, तालमीत सुचवलेल्या संवादांसाठी. दोन्ही बाजूंचं ऐकून घेईपर्यंत नाटकाचा हंगाम संपला.

परदेशाचं सोपं आहे. भारत १९२८ पासून बर्न करारात आहे. त्या करारातल्या देशांत तुमच्या कृतीला तिथल्या लेखकासारखंच संरक्षण मिळतं आणि ते नोंदणीवर अवलंबून नसतं. प्रत्येक देशात वेगळा अर्ज करून देतो म्हणणाऱ्या एजंटचा फोन उचलू नका. इथे कुणी उचलेगिरी केली तर दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या न्यायालयात लावता येतो, चोर कुठे का बसलेला असेना. कलम ६२ ने लेखकांना दिलेली ही सोय मोठी आहे. आणि मजकूर एखाद्या संकेतस्थळावर चढवला असेल तर आधी तिथेच लेखी तक्रार करा. मजकूर नुसता साठवणाऱ्या मध्यस्थाने तक्रारीनंतर ३६ तासांत तो हटवायचा असा नियम आहे. पण २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश नेऊन दिला नाही तर तो पुन्हा चढवायची त्यांना मुभा असते, म्हणून तक्रारीच्या दिवशीच वकिलाला फोन करा.

मुदतीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण लेखक मृत्युपत्रात फ्लॅट लिहितात आणि पुस्तकं विसरतात. हयातभर आणि मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हा हक्क चालतो. पूर्वी ५० होती. रवींद्रनाथांचं लेखन १९९१ च्या अखेरीस मुक्त होणार होतं, त्या सुमारास कायदा बदलून ती ६० केली. साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले, त्यांचं लेखन २०११ च्या पहिल्या दिवशी सगळ्यांचं झालं. तोवर हा हक्क वारसांकडे जातो, आणि तीन वारसांपैकी एक परदेशात, एक अबोल्यात असला की नवी आवृत्ती काढायला परवानगी मिळवता मिळवता प्रकाशक वैतागतो. एका वाक्यात एका माणसाचं नाव लिहून ठेवा.

तेव्हा क्रम असा ठेवा. या आठवड्यात अर्ज करून डायरी क्रमांक घ्या. प्रमाणपत्र येईपर्यंत प्रकाशकाला थांबवायची गरज नाही, हस्तलिखित ईमेलने पाठवा, छापील प्रत हातोहात देऊ नका. निर्मात्यांना सारांश नंतर. प्रकाशकाचा करार हाती आला की सही करण्याआधी एखाद्या वकिलाला दाखवा. एजंटला द्यायला काढलेल्या पंधरा हजारांतले थोडे तिथे खर्च झाले तर चालतील. आणि पुस्तकाच्या दुसऱ्या पानाचं प्रूफ स्वतः बघा. वर्तुळातल्या सीपुढे तुमचं नाव आहे ना, ते तपासा. ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ ही ओळ पुष्कळदा करारात नसते, आधीच्या पुस्तकाच्या फाइलमधून तशीच उतरलेली असते.